"गुरुजी, याला जरा समजावा" : स्किझोफ्रेनिया आणि बोलण्यातून उपचार

गौरी-गणपतीचे दिवस आहेत. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मुंबईचे चाकरमानी उतरले आहेत, रात्री भजने रंगत आहेत. शाळेला सुट्टी असली तरी गुरुजींच्या ओटीवर कोणी ना कोणी येऊन बसतेच. अशाच एका संध्याकाळी एक वडील येतात. चहा होतो, पावसाचा विषय निघतो आणि संपतो, आणि मग ते मूळ गोष्टीवर येतात. "गुरुजी, आमच्या पोराला जरा समजावा. तुमच्या हाताखाली शिकलाय. आमचं काय ऐकत नाय."

मुलगा वर्गात बरा होता. बारावीनंतर मुंबईला मामाकडे गेला, कामाला लागला. दोन वर्षांनी मामानेच त्याला परत आणून सोडले. आता तो दिवसभर पडून असतो, एकटाच पुटपुटतो, रात्री उठून दाराची कडी तपासतो. जेवणात काहीतरी घातले आहे म्हणून आईच्या हातचे ताट सरकवतो. भगताकडे दोनदा नेऊन झाले. या मुलाला आपण सुरेश म्हणू. हा सुरेश कोणी एक खरा मुलगा नाही. महाड-पोलादपूरकडे अनेक वर्षे शिकवलेल्या शिक्षकांना त्याच्यासारखा एखादा विद्यार्थी आठवेल, म्हणून हे नाव घेतले आहे.

वडिलांनी वापरलेला 'समजावा' हा शब्द लक्षात ठेवू. बोलण्याने काहीतरी होईल, ही त्यांची आशा अगदीच खुळी नाही. मात्र समजावणे म्हणून ज्या प्रकारचे बोलणे त्यांच्या आणि बहुधा आपल्याही मनात असते, ते या आजारात कामाला येत नाही. दुसऱ्या एका प्रकारचे बोलणे येते. ते कोणते, त्याचा किती उपयोग होतो आणि मानसोपचारतज्ज्ञ जिथे हाकेच्या अंतरावर नाही अशा डोंगराळ तालुक्यात ते करायचे कोणी, हे आपण पाहणार आहोत.

आधी आजाराविषयी थोडे. स्किझोफ्रेनिया हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये घडवला. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. दोन्ही नावांमुळे एक गैरसमज पसरला, की या माणसात दोन व्यक्ती राहतात. सिनेमावाल्यांनी तो आणखी घट्ट केला. प्रत्यक्षात तसे काही नसते. ब्लॉयलर यांना म्हणायचे होते ते एवढेच, की विचार, भावना आणि वागणे यांची एरवी असणारी सांगड सुटते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, हे भास. कोणीतरी पाळत ठेवतो, विष घालतो, आपले विचार काढून घेतो अशी पक्की खात्री बसते, हे भ्रम. आणि तिसरा, घरच्यांना सर्वांत जास्त चिडवणारा भाग म्हणजे उत्साह आटणे : आंघोळ नको, काम नको, माणसे नकोत. पहिल्या दोन गोष्टी आजार म्हणून कोणालाही पटतात. तिसरीला गावात सरळ 'आळस' म्हणतात.

२०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जातीच्या इतर आजारांचे सध्याचे प्रमाण प्रौढांमध्ये हजारी सुमारे चार आढळले. हा आकडा आपल्या भागाला लावून पाहू. विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घेण्यासारखे गणित आहे. २०११ च्या जनगणनेत महाड तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८० हजार आणि पोलादपूरची सुमारे ४५ हजार होती. त्यातील दोनतृतीयांश प्रौढ धरले तर दीड लाख. हजारी चार म्हणजे सहाशे माणसे. ही मोजणी नाही, अंदाज आहे. पण सहाशेच्या जागी चारशे निघाले तरी प्रश्न लहान होत नाही. त्याच सर्वेक्षणात असेही दिसले, की अशा आजारांच्या सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट कोकणच्या संदर्भात महत्त्वाची आहे. हा आजार बहुधा वयाच्या सतराअठरापासून तिशीपर्यंत सुरू होतो, पुरुषांत थोडा लवकर. आपल्याकडे हेच वय मुंबईला जाण्याचे. घर सुटते, झोप तुटते, दहा जणांच्या खोलीत राहावे लागते, आणि नेमका त्याच वेळी आजार डोके वर काढतो. मग 'मुंबईत कोणीतरी काहीतरी केले' अशी गोष्ट तयार होते. ताणाचा आजाराला हातभार लागतो हे खरे. गांजाचाही लागतो. पण मुळात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते. शंभर टक्के मात्र होत नाही, म्हणजे सगळेच रक्तात लिहिलेले नसते हेही त्यातूनच कळते.

विंचवाची गोष्ट

बोलण्याकडे वळण्यापूर्वी औषधाचे काय ते सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी महाडइतके योग्य ठिकाण नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाचा दंश झालेली मुले भगताकडून उतारा करून मग दवाखान्यात येत, आणि गंभीर झालेल्या शंभरांतली पंचवीस-तीस दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून विषाचा हृदयावर काय परिणाम होतो ते टिपले आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध द्यायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शंभरात एखाददुसऱ्यावर आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे काम छापले. आज विंचू चावला तर महाड परिसरातला माणूस गोळी आठवतो. मंत्र मागे पडला, कारण गोळी त्याच रात्री काम करताना दिसली.

स्किझोफ्रेनियाचीही गोळी आहे. १९५२ मध्ये पॅरिसच्या एका मनोरुग्णालयात क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरले गेले आणि वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे शांत झाली, बोलू लागली. त्यानंतर अनेक औषधे आली. मेंदूतील डोपामिन या रसायनाचा वाढलेला प्रभाव ती कमी करतात. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनेही आहेत. बोलण्याचा उपचार या औषधांच्या सोबतीने करायचा असतो, हे इथेच ठळकपणे सांगून ठेवतो. 'गोळ्या बंद करा, नुसत्या बोलण्याने बरे होईल' असे सांगणारा भेटला तर त्याला दूर ठेवावे.

पण ही गोळी विंचवाच्या गोळीसारखी नाही. ती एका रात्रीत दिसत नाही, आठवडे लागतात. वर्षानुवर्षे घ्यावी लागते. तिने तोंडाला लाळ येते, अंग जड होते, वजन वाढते. काहींचे आवाज गोळ्या घेऊनही जात नाहीत. आणि जो 'आळस' म्हटला, त्यावर तिचा फारसा परिणामच होत नाही. औषध जिथे थांबते तिथून पुढचा रस्ता बोलण्याने थोडाफार चालता येतो का, असा हा प्रश्न आहे.

स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत?

एक प्रयोग वर्गात करून पाहावा. प्रत्येकाने आपल्याच तळहातावर बोट फिरवावे. मग शेजाऱ्याने फिरवावे. शेजाऱ्याच्या बोटाने गुदगुल्या होतात, स्वतःच्या बोटाने होत नाहीत. कारण आपण हात हलवतो तेव्हा मेंदू हाताला हुकूम सोडतो आणि त्याची एक नक्कल स्वतःच्याच संवेदना-विभागाकडे पाठवतो : 'आता जे जाणवेल ते आपलेच आहे, लक्ष देऊ नका.' लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर, ख्रिस फ्रिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांवर केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार या रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच जाणवत होता.

आता हाच विचार बोलण्याला लावून पाहा. आपण सगळेच मनातल्या मनात बोलत असतो. 'छत्री घेतली का?' 'उगाच बोललो आपण.' हा आवाज आपलाच आहे अशी खूणचिठ्ठी मेंदू त्याला लावतो. ती चिठ्ठी लागलीच नाही तर? मनातले बोलणे बाहेरून आल्यासारखे वाटेल. आवाज ऐकू येत असताना घेतलेल्या मेंदूच्या चित्रांमध्ये, आपण बोलताना जो भाग काम करतो तोच जागा झालेला काही अभ्यासांत दिसला आहे. भासांचे सगळे स्पष्टीकरण यात येते असे नाही, पण दोन गोष्टी यावरून कळतात. एक, सुरेश खोटे बोलत नाही. त्याला खरोखर ऐकू येते. दुसरी, 'तिथे कोणी नाही' असे शंभर वेळा सांगून काही होणार नाही, कारण त्याचा मेंदू त्याला उलटी साक्ष देत आहे.

आवाज काय बोलतात हेही माणूस कुठे वाढला त्यावर अवलंबून असते. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानाची राजधानी आक्रा आणि चेन्नई येथे प्रत्येकी वीस रुग्णांशी सविस्तर बोलून एक तुलना केली (२०१५). अमेरिकनांचे आवाज बहुतेक शिवीगाळ करणारे, मारा-तोडा म्हणणारे होते. चेन्नईतल्या अर्ध्याहून अधिक जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत, आणि ते स्वयंपाक कर, आंघोळ कर अशी घरगुती कामे सांगत, रागावत, कधी धीरही देत. साठ माणसांवरून मोठा सिद्धांत मांडू नये. पण आवाजाशी माणसाचे नाते असते आणि ते बदलू शकते, ही कल्पना इथे उपयोगी पडते.

आधी केलेल्या चुका

बोलण्यातून मनोविकार बरे करण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या फ्रॉइड यांनी हा आजार आपल्या पद्धतीच्या बाहेरचा मानला होता. त्यांच्या नंतरच्यांनी प्रयत्न केले, पण त्यातून एक वाईट गोष्ट घडली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असा सिद्धांत निघाला, की थंड, हुकमत गाजवणारी आई मुलाला स्किझोफ्रेनिक बनवते. दोन-तीन दशके हजारो आयांनी हा आरोप डोक्यावर वाहिला. पुढे तो पुराव्याअभावी गळून पडला. आपल्याकडे सुनेला किंवा आईला दोष देण्यासाठी असल्या सिद्धांताची गरज पडत नाही ही गोष्ट वेगळी.

याच काळात, १९५२ साली, एरन बेक या तरुण अमेरिकन डॉक्टराने एका रुग्णाची हकिकत छापली. सरकारी गुप्तहेर आपल्यावर पाळत ठेवतात अशी या माणसाची अनेक वर्षांची खात्री होती. बेक यांनी त्याला खोडून काढले नाही. कोण कोण पाळत ठेवतो, तो काय करतो, कसा पाहतो, हे बारकाईने न्याहाळून सांगायला लावले. न्याहाळता न्याहाळता रुग्ण स्वतःच एकेक संशयित यादीतून वगळू लागला. पुढे बेक नैराश्यावरील कामासाठी प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या पद्धतीला विचार-वर्तन उपचार असे नाव रूढ झाले. कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांना अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती ठाऊक आहे. तिची ही जवळची नातेवाईक. पण स्किझोफ्रेनियासाठी बेक यांचा तो जुना धागा कोणी फारसा पुढे नेला नाही. ब्रिटनमधील डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांनी तो खऱ्या अर्थाने उचलला तो १९९० च्या दशकात.

समजावणे आणि विचारणे

आता पुन्हा सुरेशच्या ओटीवर येऊ. समजावणे म्हणजे साधारण असे :

"अरे सुरेश, आई कशाला विष घालेल? डोक्यातून काढून टाक ते. चांगला शिकलेला मुलगा तू!"

यावर सुरेश गप्प बसतो. गुरुजीही त्यांच्यातलेच, अशी त्याची खात्री होते. वाद घातला की भ्रम पातळ न होता घट्टच होतो; ज्याच्याशी वाद होतो त्याला तो आपल्या पोटात घेतो. उलट 'हो रे बाबा, आहे विष, मी तुला दुसरे ताट देतो' असे मान डोलावणेही घातक. प्रशिक्षित माणूस या दोन्हींमधली वाट धरतो. पहिल्या काही भेटींत तर तो आजाराचा विषयही काढत नाही. क्रिकेट, गुरे, मुंबईतले काम यांवर बोलतो. विश्वास बसला की विचारू लागतो :

"जेवणात काही आहे असं तुला वाटायला लागलं, ते कधीपासून?"

"मुंबईहून आल्यावर. पहिल्याच दिवशी भात कडू लागला."

"त्या दिवशी आणखी काय झालं होतं?"

"झोप नव्हती सर. तीन दिवस."

"बरं. शंभरातून किती खात्री वाटते तुला, की घातलेलंच आहे?"

"नव्वद."

"नव्वद म्हणजे पुष्कळच झालं. उरलेले दहा कशाचे?"

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्या दहांत सुरेशच्या स्वतःच्या शंका असतात : धाकटी बहीण त्याच भांड्यातला भात खाते आणि तिला काही होत नाही, झोप न झालेल्या दिवशीच भात कडू लागतो. या शंका बाहेरून घातलेल्या नसल्यामुळे त्याला नाकारता येत नाहीत. मग दोघे मिळून एखादा छोटा पडताळा ठरवतात. आठवडाभर झोप किती झाली आणि भात कसा लागला हे वहीत लिहायचे. नव्वदचे सत्तर झाले तरी त्याने आईच्या हातचे दोन घास घेतलेले असतात. शाळेत आपण विज्ञान शिकवतो तेव्हा 'मी सांगतो म्हणून मान' असे म्हणत नाही, निरीक्षण करायला लावतो. इथे तेच होते.

आवाजांबद्दलही तसेच. कोणाचा आवाज, दिवसातून कितीदा, कधी वाढतो, कशाने कमी होतो? गुणगुणल्याने, मोठ्याने वाचल्याने पुष्कळांचे आवाज काही वेळ दबतात. मनातले बोलणे आणि खरे बोलणे मेंदूची बरीचशी तीच यंत्रणा वापरत असल्याने असे होत असावे. गावच्या भजनात टाळ घेऊन बसल्यावर सुरेशला बरे वाटते, असे वहीत निघाले तर ती मोठीच माहिती आहे. आवाज सांगतो ते ऐकलेच पाहिजे का, न ऐकल्यास काय होते, हेही हळूहळू तपासले जाते. अनेकांचे आवाज पूर्ण जात नाहीत. पण आवाज ऐकू येत असतानाही माणूस चार तास काम करू शकतो, आणि घरच्यांच्या दृष्टीने तेच मोठे असते.

ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत औषधांसोबत अशा किमान सोळा बैठकी द्याव्यात असे म्हटले आहे. त्यांचा गुण किती? पहिल्या अभ्यासांत भरघोस वाटला. पुढे अधिक कडक चाचण्या झाल्या, कोणाला कोणता उपचार मिळाला हे तपासणाऱ्यांपासून लपवून, तेव्हा तो बराच लहान निघाला. आहे, पण थोडा आहे. यावरून तज्ज्ञांमध्ये आजही चांगलीच खडाजंगी चालते. आमचे मत असे, की ज्या आजारात औषध अर्ध्या वाटेवर थांबते तिथे थोडा गुणही टाकून देण्यासारखा नाही. मात्र तो थोडा आहे हे घरच्यांपासून लपवू नये.

घरातले बोलणे

अधिक भक्कम पुरावा आहे तो दुसऱ्या एका बोलण्याचा : घरच्यांशी बोलण्याचा. १९५० च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. अपेक्षेच्या उलट, आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांचा आजार भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा उलटला. पुढच्या अभ्यासांत कारण स्पष्ट झाले. ज्या घरात सतत टोमणे, राग किंवा जिवाला घोर लावणारी अतिकाळजी असते, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण वाढते. आणि रुग्ण अशा नातेवाइकासमोर आठवड्याला ३५ तासांहून अधिक काळ असेल तर आणखी वाढते. म्हणजे घर आजार निर्माण करत नाही, पण घरातली भाषा तो उलटवू शकते. आईला दोष देणारा जुना सिद्धांत आणि हा निष्कर्ष यांत गल्लत करू नये. १९८० च्या दशकात चंदीगड भागात हीच मोजपट्टी लावली, तेव्हा असे टोमणे आणि अतिकाळजी आपल्याकडच्या घरांत लंडनपेक्षा बरीच कमी आढळली.

तरीही 'आयतं खायला पाहिजे याला' हे वाक्य महाडात ऐकू येत नाही असे कोणी म्हणणार नाही. घरच्यांशी होणाऱ्या बैठकींत नेमके हेच उलगडून सांगतात, की पडून राहणे हा आजाराचा भाग आहे. तापात अंग गरम होते तसे. मग 'शेतावर चल' याऐवजी 'गोठ्यातल्या म्हशीला पाणी दाखव' एवढेच काम ठरते. काम झाले की 'बरं केलंस' म्हणायचे. न झाल्यास त्या दिवशी विषय सोडायचा. गोळ्या चुकल्या तर भांडण न करता का चुकल्या ते विचारायचे. लाळ येते म्हणून बंद केल्या असतील तर ते डॉक्टरांना सांगितल्यावर औषध बदलता येते. आजार उलटण्याआधीच्या खुणा, बहुधा झोप उडणे हीच पहिली, घरच्यांनी ओळखायला शिकायच्या. आजार उलटण्याचे प्रमाण अशा कौटुंबिक बैठकींनी कमी होते, हे वेगवेगळ्या देशांतल्या अनेक चाचण्यांत दिसले आहे.

घाटापलीकडचा प्रयोग

हे सगळे लंडनला ठीक आहे, पोलादपूरला कोण करणार? अलिबागचे जिल्हा रुग्णालय पोलादपूरपासून शंभराहून अधिक किलोमीटर. केंद्र सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला आणि महाराष्ट्रातून त्यात सुरुवातीला आलेल्या जिल्ह्यांत रायगड होता. त्यामुळे औषधे जवळ आली. पण तपासणीच्या गर्दीत सोळा बैठकी कुठून आणायच्या?

याचे एक उत्तर आपल्याच शेजारी, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरावरून उतरले की लागणाऱ्या साताऱ्यात शोधले गेले. सातारा, गोवा आणि तमिळनाडू या तीन ठिकाणी डॉ. सुदीप्तो चटर्जी आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली. साताऱ्याच्या बाजूने डॉ. हमीद दाभोलकर तीत होते. २८२ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. ९५ जणांना दवाखान्यातले नेहमीचे उपचार मिळाले. १८७ जणांना ते मिळालेच, शिवाय वर्षभर एक कार्यकर्ता त्यांच्या घरी जात राहिला. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. किमान दहावीपर्यंत शिकलेली स्थानिक माणसे, त्यांना सहा आठवड्यांचे प्रशिक्षण आणि पाठीशी देखरेख करणारे मानसोपचार समाजसेवक. पहिल्या महिन्यांत वारंवार, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यातून एकदा अशा त्यांच्या भेटी असत. आजार समजावून सांगणे, गोळ्यांच्या अडचणी, अंगाची निगा, लोकांच्या बोलण्याला तोंड कसे द्यायचे, छोटी कामे आणि रोजगार, सरकारी योजनांची कागदपत्रे, असे बोलण्याचे विषय.

निकाल २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. आजाराची लक्षणे ठळकपणे कमी झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, निम्म्याच्या आसपास होते. फरक पडला तो रोजच्या जगण्यात. कामधाम, निगा, माणसांत मिसळणे यांतली अडचण लक्षणीय कमी झालेले, भेटी मिळालेल्या गटात निम्म्याच्या जवळपास होते, दुसऱ्या गटात एकतृतीयांशाच्या. परिणाम सर्वांत ठळक निघाला तो तमिळनाडूच्या ग्रामीण केंद्रावर, म्हणजे जिथे एरवीच्या सेवा सर्वांत विरळ होत्या तिथे. लेखकांनी स्वतःच या फायद्याला 'माफक' म्हटले आहे. आम्हाला तो शब्द प्रामाणिक वाटतो. पोलादपूरच्या एखाद्या वाडीत सुरेश म्हशीला पाणी दाखवू लागला आणि शिमग्याला पालखीबरोबर चार पावले चालला, तर त्या घरात त्याला माफक म्हणणार नाहीत.

सातारा, दाभोलकर म्हटल्यावर भगताचा विषय टाळता येत नाही. भगताच्या उताऱ्याने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही, आणि मारहाण, चटके हे तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बेकायदा आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीत बांधलेली अठ्ठावीस माणसे पळता न आल्याने मेली. पण लोक भगताकडे का जातात, हेही पाहिले पाहिजे. तो तासभर बसतो, सगळ्या घराशी बोलतो, कधीपासून झाले ते विचारतो. दवाखान्यात तीन मिनिटे मिळतात. बोलण्याची जागा आपण रिकामी सोडली म्हणून ती त्याने भरली आहे. आणखी एक : पालखीच्या वेळी अंगात येणारी बाई रुग्ण नसते. ते ठरल्या वेळी, ठरल्या जागी येते आणि उतरते. दुसऱ्या दिवशी ती शेतावर जाते. गुरुजींनी दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या, तर गाव त्यांचे पुढचे काहीच ऐकणार नाही.

घरच्यांनाही कोणाशी तरी बोलावे लागते. कॅनडात स्थायिक झालेले धुळ्याकडचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. तिच्या स्वमदत गटात रुग्ण आणि नातेवाईक एकमेकांना अनुभव सांगतात. 'देवराई' (२००४) हा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून झाला. बारावीच्या मुलांना दाखवण्यासारखा आहे. त्यातला शेष वेडाचे सोंग आणत नाही, आजारी दिसतो.

मग त्या संध्याकाळी गुरुजींनी काय करावे? उपचार करायला जाऊ नये. तो शिकलेल्या माणसाचा विषय आहे. पण सुरेशला भेटावे, जुन्या वर्गाच्या गप्पा माराव्यात. "तुला आवाज ऐकू येतात का रे? फार त्रास होतो का?" असे सरळ विचारायला हरकत नाही. विचारल्याने आजार वाढत नाही, बहुतेकांना हायसेच वाटते. वडिलांना सांगावे, की हा आजार आहे, त्याला औषध आहे, आणि जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले. आशाताईंना बरोबर घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते काढावे. १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची फुकट दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मराठीत बोलता येते. सुरेशने मरणाचा विषय काढला, किंवा आवाज स्वतःला वा दुसऱ्याला इजा करायला सांगतात असे म्हणाला, तर वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि तोवर त्याला एकटे सोडू नये. आजार जुना झाला असेल तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार येतो हे घरच्यांना ठाऊक नसते. प्रमाणपत्राचा अर्ज भरून देणे हे काम गुरुजी नक्की करू शकतात.

आणि महिन्याभराने पुन्हा ओटीवर जावे. तेव्हा 'गोळ्या घेतोस ना?' हा पहिला प्रश्न नसावा. तो घरातले सगळेच विचारत असतात.